राखेच्या टेकड्यांचे कोडे

बळ्ळारीहून होसपेटकडे जाणाऱ्या रस्त्यावर कुडतिनी नावाचे गाव लागते. तेथील करडी, बोडकी टेकडी दुरून पाहणाऱ्यास माळरानावरील इतर उंचवट्यांसारखीच वाटते. परंतु जवळ जाऊन मूठभर माती उचलावी, तो हाती येते राख! मधूनमधून काचेप्रमाणे वितळलेले, सच्छिद्र खडेही सापडतात. कर्नाटकाच्या ईशान्य भागात आणि लगतच्या तेलंगण-आंध्र प्रदेशांत अशा शंभराहून अधिक टेकड्यांची नोंद झालेली आहे.

इतकी राख आली कोठून? लोकांनी आपल्या परीने उत्तर शोधले होतेच. हंपीजवळ निंबापूर येथील राशीला वालीच्या चितेची राख मानतात. अन्यत्र भीमाने मारलेल्या हिडिंबासुराचे नाव घेतात. शास्त्रज्ञांचे तर्क काही कमी अद्भुत नव्हते. इ. स. १८३६ मध्ये कॅप्टन न्यूबोल्ड यांनी या खड्यांची चर्चा केली ती ज्वालामुखीच्या संदर्भात. कोणी धातू गाळण्याच्या भट्ट्यांची कल्पना लढविली, कोणी सामुदायिक दहनाची. भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी मात्र या टेकड्यांचे नाते गुरांच्या शेणाशी जोडले.

त्यांच्या तर्काला भक्कम पुरावा मिळावयास १९५७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी ऑल्चिन यांनी तेलंगणातील उतनूर येथे उत्खनन केले. राखेच्या थरांखाली लाकडी कुंपणाच्या खांबांचे खळगे आढळले, आणि कुंपणाच्या आत चक्क गुरांच्या खुरांचे ठसे! नवाश्मयुगातील पशुपालकांचे ते वाडे होते. शेण साचले, ते पेटविले गेले, त्याच जागी पुन्हा वाडा उभा राहिला. असे कैक वेळा घडले. गवतात सिलिका असते, ती शेणात उतरते आणि प्रखर आगीत वितळून घट्ट होते. न्यूबोल्ड यांना बुचकळ्यात पाडणारे खडे ते हेच. आज या टेकड्यांचा काळ साधारणपणे इसवी सनापूर्वी ३००० ते १२०० असा मानला जातो.

येथे कोडे सुटले असे वाटेल. पण खरी मौज पुढेच आहे. शेण ही काय जाळून टाकण्याची वस्तू? आपली गृहिणी त्याच्या गोवऱ्या थापते, शेतकरी त्याचे खत करतो. मग त्या लोकांनी एवढ्या राशी का पेटविल्या? रोगराई हटविण्यासाठी, की एखादा सण म्हणून? ऑल्चिन यांनी सणाकडे बोट दाखविले. कर्नाटकात संक्रांतीस गुरांना पेटत्या गवतावरून नेण्याची चाल आजही आहे. ही कल्पना मोहक खरी. परंतु मधल्या तीन-चार हजार वर्षांचा दुवा जोडणे सोपे नाही. काही अभ्यासकांना तर या टेकड्या हेतुपुरस्सर उभारलेली स्मारकेच वाटतात.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे प्रा. के. पद्दय्या यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात यादगीर जिल्ह्यातील बूदिहाळ येथे विस्तृत उत्खनन केले. (कन्नडमध्ये ‘बूदी’ म्हणजे राख, गावाने आपल्या नावातच ही खूण जपली आहे.) राशीच्या शेजारी वस्तीचे अवशेष निघाले. घरे, दगडी हत्यारे घडविण्याची जागा, जनावरे कापण्याची जमीन, लहान मुलांची दफने, असा भरला संसारच! तेव्हा राखेची रास म्हणजे रानातला ओसाड गोठा, ही समजूत निदान बूदिहाळपुरती तरी टिकत नाही.

अन्य ठिकाणी असाच तपास करावयाचा तर टेकड्या जागेवर असावयास हव्यात. कितीतरी राशी खतासाठी शेतांत पसरल्या गेल्या, काही रस्त्यांच्या भरावात गेल्या. गाडीभर राख उचलणाऱ्यास तिचे मोल खताएवढेच दिसते, यात त्याचा दोष कसा म्हणावा? पण थर एकदा विस्कटले की किती वेळा आग लागली, मध्ये किती काळ गेला, खुरांचे ठसे कोठे होते, हे मागाहून कोणालाही सांगता येत नाही.