हीला, जकातीचा आणि कराचा

यंदा रमजान मार्चमध्ये आला. त्यामुळे सहेरीनंतर मी दोन हिशेब घेऊन बसतो, एक जकातीचा आणि दुसरा आयकराचा. निसाबइतकी किंवा त्याहून अधिक संपत्ती चांद्रवर्षभर जवळ राहिली, तर तिचा अडीच टक्के हिस्सा गरजूंचा. ही झाली जकात. आयकराचे तर विचारूच नका, पगार हातात येण्याआधीच तो कापलेला असतो.

जकात चुकवण्याची एक जुनी युक्ती आहे. वर्ष पुरे होण्याआधी धन बायकोच्या नावे करायचे आणि तारीख उलटली की परत घ्यायचे. कागदावर वर्षभर धन कोणाकडेच राहिले नाही, मग जकात कसली? याला 'हीला' म्हणतात. आमच्या घरातले वडीलधारे त्यावर एवढेच विचारत, "अल्लाहलाही कागदच दाखवणार का?"

अ‍ॅपल कंपनीचे प्रकरण वाचताना हा हीला आठवला. युरोप, मध्यपूर्व, आफ्रिका आणि भारतातल्या विक्रीचा नफा तिच्या आयर्लंडमधल्या उपकंपनीत जमा होई. तिथे कंपनी कर १२.५ टक्के. पण नफ्याचा मोठा भाग उपकंपनीच्या 'मुख्य कार्यालया'च्या नावे दाखवला जाई. या कार्यालयाला ना जागा, ना कर्मचारी, आणि कोणत्याच देशात त्याला कर लागू नव्हता! युरोपीय आयोगाच्या हिशेबानुसार २०१४ साली कराचा प्रत्यक्ष दर पडला ०.००५ टक्के, म्हणजे दहा लाख युरो नफ्यावर ५० युरो.

आयोगाने २०१६ मध्ये १३ अब्ज युरोंच्या वसुलीचा आदेश दिला. कंपनी म्हणाली, आम्ही कायदा पाळला. नवल म्हणजे ज्याला पैसे मिळणार होते, ते आयर्लंड सरकारही आदेशाविरुद्ध कोर्टात गेले. २०२० मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. अखेर सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचा आदेश कायम केला.

कायदा पाळला म्हणजे फर्ज अदा झाले, असे नव्हे. ज्याच्याकडे महागडे सल्लागार आहेत, त्यालाच हीला परवडतो. रोजा सोडण्यासाठी बिस्किटाचा पुडा घेणारा रिक्षावाला त्यावरचा जीएसटी कुठल्या बेटावर वळवणार? शाळा, रस्ते, दवाखाने मग त्याच्या आणि तुमच्या-माझ्या पैशांवरच चालतात.

यावर उपाय आहे. भारतातही बड्या उद्योगसमूहांना कोणत्या देशात किती नफा, किती कर आणि किती कर्मचारी, हा तपशील द्यावा लागतो. पण तो आयकर खात्यापाशी गोपनीय राहतो. तो जाहीर करा, एवढीच मागणी आहे. नियत पाहणारा अल्लाह आहे, हिशेब तेवढा आम्हाला पाहू द्या.