तडजोड दोघांची, पैसा कापूसवाल्यांचा

वादी-प्रतिवादींनी आपसांत तडजोड केली की दावा निकाली निघतो, हा दिवाणी न्यायालयांचा जुना शिरस्ता आहे. मक्तेदारीच्या चौकशीलाही तो लावावा काय, हा प्रश्न बीटी कपाशीच्या प्रकरणाने उभा केला असून अकोला-अमरावतीच्या शेतकऱ्याशी त्याचा निकटचा संबंध आहे.

२००२ साली या कपाशीला परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच अकोट-दर्यापूरच्या कृषी केंद्रांत दुसरे बियाणे मिळणे दुरापास्त झाले. पाकिटामागे तंत्रज्ञानशुल्क जाई ते मोन्सँटोच्या भागीदारीतील कंपनीला. भरी बियाणे कंपनी, खिसा शेतकऱ्याचा. केंद्रीय कृषी खाते आणि नुझिवीडू सीड्स यांच्या तक्रारींवरून स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१६ मध्ये चौकशीचा आदेश दिला. पुढच्याच महिन्यात केंद्राने बोलगार्ड-२ चे पाकीट ८०० रुपयांवर व त्यातील शुल्क ४९ रुपयांवर आणले. पुढचा भार हलका झाला. मागे घेतलेले शुल्क वाजवी होते काय, हे चौकशीनेच ठरायचे होते. (ज्या गुणासाठी ते घेतले, त्याला गुलाबी बोंडअळीने २०१७ च्या हंगामात जुमानले नाही, ही गोष्ट निराळी.)

२०२१ मध्ये नुझिवीडू आणि मोन्सँटो यांनी वाद मिटविले. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, पेटंटच्या परवान्यांबाबत पेटंट कायदाच चालेल, असे ठरवून आयोगाची कार्यवाही रद्द केली. एरिक्सन व मोन्सँटो प्रकरणांतील आयोगाच्या याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने पक्षकारांतील समझोत्याची दखल घेतली व कायद्याचा प्रश्न खुला ठेवला.

याच न्यायालयाने २०२० मध्ये उबरच्या प्रकरणात, आयोगाची कार्यवाही दोन पक्षांपुरती नसून लोकहितासाठी असते, असे म्हटले होते. मग माहिती देणारा समाधान पावला म्हणून लोकहित कसे समाधान पावते? तडजोडीच्या बैठकीत कापूसवाला नव्हताच. अमेरिकेत १९७४ च्या कायद्यानुसार, मक्तेदारीच्या खटल्यात सरकारने केलेली तडजोडही साठ दिवस जनतेच्या अभिप्रायासाठी खुली ठेवावी लागते आणि ती लोकहिताची आहे काय, हे न्यायाधीश तपासतो. आपल्याकडे २०२३ च्या दुरुस्तीने आयोगासमोरील तडजोडीवर हरकती ऐकण्याची सोय केली; पण त्या आदेशावर अपील ठेवले नाही. आयोगाबाहेर, दोन कंपन्यांनी केलेल्या समझोत्याला तर ही चाळणीदेखील नाही.

खुल्या राहिलेल्या प्रश्नाचे उत्तर संसदेने द्यावे. चौकशी सुरू झाल्यावर झालेला कोणताही समझोता आयोगापुढे ठेवणे सक्तीचे करावे, आणि बियाण्याचे प्रकरण असेल तर त्याची सूचना मराठीत, बाजार समित्यांच्या फलकांवर, पेरणीपूर्वी लागावी.