निष्ठा मोजायचं मीटर कुणाकडे आहे?

14 डिसेंबर 2021. आर्सेनलनं पिएर-एमरिक ऑबामेयांगची कॅप्टन्सी काढून घेतली आणि आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जल्लोष सुरू झाला. 'पैसे घेतले आणि झोपला.' 'याला क्लबचं काही पडलेलंच नाही.' 'गद्दार.' यातला शेवटचा शब्द माझा होता.

तो शब्द आज मी मागे घेतोय. ऑबा संत होता म्हणून नाही, तर त्या आठवड्यात मी स्वतः नोटीस पीरियडवर होतो म्हणून. दुसऱ्या कंपनीनं घसघशीत जास्त पगार दिला, मी राजीनामा टाकला. मॅनेजर म्हणाले, "आपण एक कुटुंब होतो रे." बाहेर येऊन मी मित्रांना ते वाक्य ऐकवलं आणि आम्ही पोट धरून हसलो. त्याच रात्री, त्याच अंगठ्यानं, मी एका फुटबॉलपटूला गद्दार म्हणालो.

आता 2020 आठवा. 18 जुलैला एफए कपच्या सेमीफायनलमध्ये मँचेस्टर सिटीविरुद्ध दोन गोल, दोन्ही ऑबाचे. 1 ऑगस्टला फायनलमध्ये चेल्सीविरुद्ध पुन्हा दोन, तेही त्याचेच. बक्षीस समारंभात कप त्याच्या हातातून निसटून पडला, तेव्हा आपण 'किती गोड' म्हणून ती क्लिप फिरवली. जिंकताना जो वेंधळेपणा गोड वाटतो, तोच हरताना बेफिकिरी ठरतो.

त्याच्या कराराचं शेवटचं वर्ष सुरू होत होतं आणि जगभरचे फॅन त्याला विनवत होते, सही कर बाबा, सही कर. मीही त्यात होतो. सप्टेंबरमध्ये त्यानं तीन वर्षांचा करार केला. पगार आठवड्याला अडीच लाख पौंडांच्या घरात असल्याचं छापून आलं, म्हणजे आपल्या पैशात आठवड्याला दोन कोटींच्या वर. तेव्हा तो 31 वर्षांचा होता. वेगावर जगणाऱ्या स्ट्रायकरला या वयात तीन वर्षं बांधून घेणं हा जुगार होता आणि तो क्लब खेळला. टाळ्या आपण वाजवल्या. पैसे मागणं हा त्याचा हक्क होता आणि देणं हा त्यांचा निर्णय. मग जुगार फसल्यावर फक्त फासेच दोषी कसे?

पुढच्या मोसमात त्याचे लीगमधले गोल 22 वरून 10 वर आले. यावर जरूर भांडा. एवढ्या पगारात 10 गोल परवडतात का, हा रास्त प्रश्न आहे. पण त्या डिसेंबरमधली टीमही आठवा. ख्रिसमसला आर्सेनल पंधराव्या स्थानावर होती. बर्नलीविरुद्ध शाकाला रेड कार्ड मिळालं, नंतर ऑबानं हेडर आपल्याच जाळ्यात मारला आणि सामना 0-1 गेला. मागून बॉलच येत नसेल तर स्ट्रायकर नव्वद मिनिटं रिकाम्या स्टॉपवर बस बघत उभा राहतो. त्याच मोसमात त्याची आई आजारी होती आणि गॅबनकडून खेळायला गेला तेव्हा त्याला मलेरिया झाला. हे सगळं छापून आलं होतं. आपण ते वाचलं आणि तरीही विचारलं, "पण याची कमिटमेंट कुठंय?"

खरी मेख इथं आहे. गोल मोजता येतात. पगार मोजता येतो. कमिटमेंट मोजता येत नाही, म्हणूनच आपल्याला तो शब्द आवडतो. त्याला पुरावा लागत नाही. खांदे पडलेले दिसले की झालं.

आणि ही निष्ठा आपण फक्त एकाच बाजूकडून मागतो. एप्रिल 2020 मध्ये आर्सेनलच्या बहुतेक खेळाडूंनी साडेबारा टक्के पगारकपात मान्य केली होती. एफए कप जिंकल्यावर चारच दिवसांनी क्लबनं 55 नोकऱ्या कमी करायचा प्रस्ताव जाहीर केला. ऑक्टोबरमध्ये तर गनरसॉरसच्या, म्हणजे क्लबच्या लाडक्या डायनासोरच्या, पोशाखात अनेक वर्षं उभ्या राहिलेल्या माणसालाही जा म्हणून सांगितलं. त्याचा पगार मी देतो, असं जाहीरपणे म्हणाला तो ओझिल, ज्याला आपण आळशी आणि पैशाचा लोभी ठरवलं होतं. मालकांना गद्दार म्हणणारे असतील, पण आमच्या ग्रुपवर त्या दिवशी कुणी एक ओळ टाकली नाही. आम्ही थॉमस पार्टेच्या नव्या जर्सीचे फोटो बघत होतो.

आता उलट बाजू. ऑबा उशिरा यायचा. मार्च 2021 मध्ये टॉटनहॅमविरुद्धच्या सामन्यात त्याला त्यासाठीच बाहेर बसवलं. डिसेंबरमध्ये परवानगी घेऊन परदेशी गेला आणि ठरलेल्या वेळेत परतला नाही. कॅप्टननं असं वागू नये. आर्टेटानं कारवाई केली ती योग्यच, आणि तरुण टीमला तो धडा लागूही पडला असेल. पण उशीर म्हणजे उशीर. त्याची शिक्षा होते, ती झाली. उशिराला गद्दारी म्हणणं म्हणजे लेटमार्कवर देशद्रोहाचा खटला भरणं.

फेब्रुवारी 2022 मध्ये करार रद्द करून तो बार्सिलोनाला गेला. मार्चमध्ये रिअल माद्रिदच्या मैदानावर बार्सिलोना 4-0 जिंकली, त्यात दोन गोल त्याचे. 'बघा, आपल्याकडे मुद्दाम खेळत नव्हता,' ग्रुपवर लगेच मेसेज. नाही खेळला तर निष्ठा नाही, खेळला तरी निष्ठा नाही. आर्सेनलसाठी 163 सामन्यांत 92 गोल, ते मात्र कुणी लिहिले नाहीत.

मला कळतं हा राग कुठून येतो. आपण रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागतो, सकाळी डोळे चोळत ऑफिसची बस पकडतो, आणि यातला एक रुपया आपल्याला मिळत नाही. आपलं प्रेम फुकटचं आहे, म्हणून पगार घेणाऱ्यानंही ते फुकटात करावं असं वाटतं. पण त्याच्यासाठी ती नोकरी आहे. नोकरीत माणूस थकतो, चुकतो, उशिरा येतो, जास्त पैसे मिळाले की निघतो. मी निघालो, तसाच.

पुढच्या वेळी एखादा महागडा नऊ नंबर सलग आठ सामने कोरडा गेला, तर त्याच्या पगारावर बोला, पोझिशनिंगवर बोला, त्याला विका म्हणा. मीही बोलेन. फक्त 'गद्दार' टाइप करण्याआधी आपला स्वतःचा राजीनाम्याचा मेल एकदा उघडून वाचा. माझा अजून सेंटमध्ये आहे. फार नम्र भाषेत लिहिलाय.