मिरचीच्या माहेरचा बाजार

मंडळी, आता आपल्या खेड्यापाड्यांतल्या कितीतरी घरांतला एखादा मुलगा नाहीतर लेक-जावई अमेरिकेत असतो. मग नातवंडाच्या निमित्ताने आईबाप चार-सहा महिने तिकडे जाऊन राहतात. महिनाभर ब्रेड खाल्ला की जीव भाकरी-ठेच्याला आसुसतो. ज्वारीचे पीठ तिथल्या भारतीय दुकानात मिळते, ते आणाच. पण एकदा मेक्सिकन लोकांच्या बाजारातही जाऊन या. मिरची, मका, टोमॅटो, पेरू ही सारी मूळची अमेरिका खंडातली. मिरची आपल्याकडे सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी आणली. तेव्हा हा बाजार म्हणजे तिच्या माहेरचाच.

शिकागोसारख्या शहरात असाल तर पिल्सन भागातला अठरावा रस्ता किंवा लिटल व्हिलेजमधला सव्विसावा रस्ता विचारा. तिथे दुकानांवर स्पॅनिश पाट्या दिसतील. मोठ्या चकचकीत दुकानांत मिरची इवल्याशा बाटलीत भारी किमतीला मिळते, इथे ती मोकळी, वजनावर मिळते. हाताने चाचपून, वास घेऊन घ्या. आठवड्याच्या बाजारात वाढलेल्या माणसाला ते शिकवावे लागत नाही.

आधी पिठाचे बघू, कारण फसगत तिथेच होते. टोर्टिया म्हणजे त्यांची मक्याची भाकरी. ती साध्या मक्याच्या पिठाची होत नाही. पुडीवर ‘मासा आरिना’ लिहिलेले हवे. लिहिताना ‘हारिना’ लिहितात, पण त्यांच्या भाषेत ‘ह’ मुका असतो. हा मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर भिजत ठेवून, धुऊन दळलेला असतो. चुन्याने दाण्याचे साल सुटते, पिठाला चिकटपणा येतो आणि मक्यात अडकून पडलेले नियासिन नावाचे जीवनसत्त्व अंगी लागते.

ही चुन्याची गोष्ट लहान समजू नका. मका युरोपात गेला, पण चुना त्याच्याबरोबर गेला नाही. इटलीत आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागात नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा झाला. उन्हाला उघडी असलेली कातडी काळवंडून सोलते, हगवण लागते, शेवटी बुद्धीही भ्रमते. हा रोग जंतूंचा नाही, निकस अन्नाचा आहे, हे डॉ. गोल्डबर्गर यांनी १९१४ नंतर दाखवून दिले. आपल्या दख्खनातही निव्वळ ज्वारीवर दिवस काढणाऱ्यांत तो आढळला. हैदराबादेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास त्यावर संशोधन केले. भाकरीबरोबर डाळ, शेंगदाणे, दूध हवे असे आपण म्हणतो, ते उगाच नाही.

घरचा मका असेल तर गावातही करून बघता येईल. एक किलो वाळल्या दाण्याला तीन लिटर पाणी आणि १० ग्रॅम चुना घ्या. चुना खाण्याचाच हवा, भिंतीचा मुळीच नको. स्टीलच्या पातेल्यात अर्धा-पाऊण तास मंद शिजवा आणि झाकून रात्रभर ठेवा. ॲल्युमिनियमचे भांडे वापरू नका. सकाळी तीन-चार पाण्यांनी चोळून धुवा आणि पाट्यावर किंवा ओल्या दळणाच्या यंत्रात वाटा. गोळा दाबल्यावर कडा चिरल्या तर पाण्याचा हात लावा.

आता मिरची. दुकानात वाळलेल्या मिरच्यांच्या राशी बघून बावरून जायला होते. चार नावे ध्यानात ठेवली की काम भागते. आंचो रुंद, सुरकुतलेली, काळपट आणि गोडसर असते. हिरवी असताना तिचेच नाव पोब्लानो. ग्वाहिय्यो लांब, गुळगुळीत, विटकरी. रंग देते, जाळ कमी. चिपोत्ले म्हणजे धुरावर वाळवलेली हालापेन्यो. आर्बोल ही बारीक आणि जहाल, आपल्या लवंगीची आठवण करून देणारी. पासिया म्हणून जी मागाल ती मात्र डोळ्यांनी बघून घ्या. खरी पासिया लांब आणि काळपट असते, पण काही दुकानांत आंचोवरच ती चिठ्ठी लावलेली असते. चांगली मिरची चामड्यासारखी वाकते. पिशवीच्या तळाशी भुगा असेल, सालीला बारीक भोके असतील तर ती परत ठेवा. घरी आणल्यावर देठ-बिया काढून तव्यावर क्षणभरच शेका, गरम पाण्यात भिजवा आणि वाटा. करपली तर सगळा रस्सा कडू होतो.

बाकीच्या मालात ओळखीची मंडळी भेटतील. पिलोन्सियो म्हणजे सुळक्याच्या आकाराचा गूळ. राजगिऱ्याच्या लाह्यांची वडी तिथे ‘आलेग्रिया’ म्हणून विकतात, अर्थ ‘आनंद’. आपण बांधावरून उपटतो ती घोळ तिथे जुड्या बांधून भाजीच्या मांडणीत असते. फड्या निवडुंगाची कोवळी पाने काटे तासून मिळतात. कागदी वेष्टनातले हिरवे टोमाटियो टोमॅटो नव्हे, रसभरीच्या जातीचे फळ आहे. आंबट चटणीला तेच लागते. ओरेगानोही मेक्सिकन म्हणूनच मागा. पिझ्झावरचा वेगळा, हा घाणेरीच्या कुळातला. आणि मक्याच्या कणसावरची काणी, जी बघून आपण कपाळाला हात लावू, ती हे लोक ‘विट्लाकोचे’ म्हणून चवीने खातात. आपल्या ज्वारीवरची काणी निराळी, तिच्यावर हा प्रयोग करू नका.

टोर्टिया तयार घ्यायच्या असतील तर सकाळी जा. शिकागोत त्यांचे कारखानेच आहेत, गरम पुडके हातात मिळते. फडक्यात गुंडाळून ठेवा, म्हणजे वातड होत नाहीत. उरल्याच तर दुसऱ्या दिवशी तुकडे करून तळायचे आणि मिरचीच्या रश्श्यात परतायचे. त्याला ते ‘चिलाकिलेस’ म्हणतात. शिळ्या भाकरीचा फोडणी दिलेला कुस्करा ज्याला आवडतो, त्याला हे नक्की आवडेल.