जुना चेंडू आणि आपण

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. कॉलेजच्या संघाचा सराव चालला होता आणि मी नेहमीप्रमाणे वही-पेन्सिल घेऊन सीमारेषेबाहेर बसलो होतो. (मी खेळाडू नव्हे, गुणलेखक, म्हणजे ज्याला बॅट धरता येत नाही आणि मैदान सोडवत नाही, असा प्राणी!) माझा एक वर्गमित्र, नेवासा तालुक्यातला, डावखुरा, नुकताच संघात आला होता. छोटी, लगबगीची धाव, छाती फलंदाजाकडे उघडी आणि शेवटच्या क्षणी विजेसारखा फिरणारा हात. पाहताक्षणी ओळखले, ही वसीम अक्रमची नक्कल! खोलीवर मोबाईलवर जुने सामने पाहून पाहून त्याने ती उचलली होती. पहिल्या षटकात दोघांचे त्रिफळे उडाले. दाद राहिली बाजूला, स्लिपमधून कोणीतरी ओरडले, "काय रे, लाहोरहून कधी आलास?" सगळे हसले. तोही हसला. दुसऱ्या दिवशीपासून मात्र तो साधा, सरळ हात फिरवू लागला आणि त्याच्या चेंडूतला जीवच गेला.

गोष्ट लहान आहे, थट्टेची आहे, हे मला मान्य आहे. परंतु तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनातून जात नाही. ज्याच्याशी आपले वैर आहे त्याची विद्या शिकायची की नाही? आणि शिकलो तर ती त्याच्याकडून शिकलो असे मोकळेपणाने म्हणायचे की नाही? माझे मत स्पष्ट आहे. शिकायची, आणि म्हणायचेही. यासाठी पुरावा शोधायला मला फार लांब जावे लागत नाही. तो आपल्याच जिल्ह्यात, श्रीरामपुरात आहे.

झहीर खानचा जन्म ७ ऑक्टोबर १९७८ रोजी श्रीरामपूरला झाला. उसाचा, साखर कारखान्यांचा मुलूख. तिथून वेगवान गोलंदाज निघेल असे त्या काळी कुणी म्हटले असते तर लोकांनी वेड्यात काढले असते. गंमत पाहा, त्याच्या जन्मानंतर नऊच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, फैसलाबादला भारत-पाकिस्तान कसोटी सुरू झाली. सतरा वर्षांच्या खंडानंतर दोन्ही देश समोरासमोर आले होते. त्या सामन्यात दुसऱ्याच एका झहीरने, चष्मेवाल्या झहीर अब्बासने, १७६ आणि ९६ धावा काढून आपल्या बेदी-प्रसन्ना-चंद्रशेखर या जगप्रसिद्ध फिरकीची पार दैना केली. पुढच्या लाहोर कसोटीत त्याने नाबाद २३५ काढल्या. मालिका आपण २-० अशी गमावली. मनगटाच्या नुसत्या वळणावर चेंडू कुंपणाकडे धाडणारा हा फलंदाज पाहताना आपल्या गोलंदाजांनाही मौज वाटली असेल का, असा एक बावळट प्रश्न मला नेहमी पडतो.

पण त्या मालिकेतली खरी शिकवणी फलंदाजीची नव्हती. आपल्याकडे नवा चेंडू म्हणजे फिरकी सुरू होईपर्यंत कसाबसा झिजवण्याची वस्तू होती. याच फैसलाबादला कपिल देव पहिली कसोटी खेळला आणि ते चित्र हळूहळू बदलू लागले, ही गोष्ट वेगळी. पलीकडे मात्र इम्रान खान आणि सरफराज नवाझ होते. आणि सरफराजला चेंडूचे म्हातारपण आवडत असे!

मार्च १९७९ मधला मेलबर्नचा सामना घ्या. ऑस्ट्रेलियाला जिंकायला ३८२ धावा हव्या होत्या आणि ३ बाद ३०५ अशी स्थिती होती. सामना संपल्यातच जमा होता. तेवढ्यात सरफराजने ३३ चेंडूंत एक धाव देऊन सात बळी टिपले आणि ३१० धावांत सारा संघ तंबूत परतला. डावात त्याचे ८६ धावांत ९ बळी! तो काही तुफान वेगाचा गोलंदाज नव्हता. मग हे झाले कसे?

इथे थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण आपले निम्मे मित्र 'रिव्हर्स स्विंग' हा शब्द ऐकतात आणि मान डोलावून पुढे जातात. नवा चेंडू हवेत वळतो तो चकाकत्या बाजूपासून दूर. फलंदाज गोलंदाजाच्या हातातली चकाकी पाहतो आणि चेंडू कुठे जाणार ते ताडतो. आता चेंडू चाळीस-पन्नास षटके खाऊन जुना झाला, एक बाजू खडबडीत झाली आणि दुसरी घामाने, पँटीवर घासून घासून गुळगुळीत राखली की खेळ उलटतो. वेगाने टाकलेला असा चेंडू चकाकत्या बाजूकडेच वळतो, आणि वळतो तोही उशिरा, फलंदाजाची बॅट खाली येत असताना. म्हणजे ज्या खुणेवर फलंदाजाचा भरवसा तीच खूण त्याला फसवते. यासाठी हिरवळ नको. कोरडे, राकट, चेंडूची साल काढणारे मैदान हवे. लाहोर-कराचीकडे ते होते. आपल्या नगर जिल्ह्यात तर गावोगाव आहे!

सरफराजकडून ही विद्या इम्रानकडे आली. डिसेंबर १९८२ मध्ये कराचीला त्याने ६० धावांत आपले आठ गडी बाद केले. विश्वनाथसारख्या कसलेल्या फलंदाजाने बाहेर जाणारा चेंडू समजून बॅट वर उचलली आणि चेंडू आत येऊन यष्टी घेऊन गेला. त्या मालिकेत सहा कसोटींत इम्रानचे ४० बळी होते. उंच उडी, ताठ शरीर, आत घुसणारा चेंडू. त्याच्या गोलंदाजीत एक खानदानी रुबाब होता. वकार युनूस याच्या उलट. लांबून वादळासारखा येणारा, हात थोडा खाली, आणि चेंडू थेट पायाच्या बोटांवर. त्याच्या ३७३ कसोटी बळींपैकी निम्म्याहून अधिक त्रिफळाचीत नाहीतर पायचीत आहेत. झेल पकडणाऱ्यांचे उपकार नकोत, असाच त्याचा बाणा! १५ नोव्हेंबर १९८९ ला कराचीत सचिन तेंडुलकर आणि वकार एकाच सामन्यात पहिली कसोटी खेळले, आणि सचिनचा त्रिफळा वकारनेच उडवला.

आणि वसीम. त्याच्याविषयी मी तटस्थपणे लिहूच शकत नाही. २५ मार्च १९९२, मेलबर्न, विश्वचषकाचा अंतिम सामना. 'राउंड द विकेट' येऊन त्याने ॲलन लॅम्बला टाकलेला चेंडू आत येतोसा वाटला आणि बाहेर जाऊन यष्टी उडवून गेला. पुढचाच चेंडू ख्रिस लुइसला. तो आत शिरला, बॅटीची कड घेऊन यष्ट्यांवर आदळला. दोन चेंडू, दोन दिशा, दोन त्रिफळे. कसोटीत ४१४ आणि एकदिवसीय सामन्यांत ५०२ बळी हे आकडे गुणलेखक म्हणून मला पाठ आहेत. पण त्याचे मोठेपण त्या दोन चेंडूंत जितके दिसते तितके आकड्यांत दिसत नाही.

यावर कुणी म्हणेल, हे लोक चेंडू कुरतडत होते! खोटे नाही. एका काउंटी सामन्यात बाटलीचे झाकण वापरल्याची कबुली खुद्द इम्राननेच दिली आहे. चेंडूशी छेडछाड केल्याबद्दल २००० साली वकारवर सामन्याची बंदी आली. ते वाईटच. पण १९९२ मध्ये इंग्लंडच्या वर्तमानपत्रांनी ज्या विद्येला सरसकट चोरी म्हटले, त्याच विद्येवर त्यांच्याच फ्लिंटॉफ आणि सायमन जोन्स यांनी २००५ ची ॲशेस जिंकली, तेव्हा तीच मंडळी तिला शास्त्र म्हणू लागली. २०१८ मध्ये केपटाउनला तर ऑस्ट्रेलियन खेळाडूच्या खिशात खरकागद सापडला. चोरी आणि कला शेजारी राहतात, एवढेच यावरून म्हणता येईल. चोरी सोडावी, कला सोडण्याचे कारण नाही.

आता पुन्हा श्रीरामपूर. झहीर कॅमेऱ्यासमोर धावत येताना उजव्या हाताने चेंडू झाकून घेई, हे तुम्ही पाहिलेच असेल. का झाकी? चकाकती बाजू फलंदाजाला दिसू नये म्हणून! २००६ मध्ये तो वूस्टरशायरकडून खेळायला गेला. इम्रानही तरुणपणी याच काउंटीकडून खेळला होता. त्या एका हंगामात झहीरने ७८ बळी घेतले. पुढच्या वर्षी नॉटिंगहॅमच्या ट्रेंट ब्रिजवर इंग्रजांनी त्याच्या फलंदाजीच्या वेळी खेळपट्टीवर गोळ्या-चॉकलेटे टाकून त्याची थट्टा केली. त्याने सामन्यात नऊ बळी घेऊन उत्तर दिले. डावखुऱ्या स्ट्रॉस आणि कुक यांना तो 'राउंड द विकेट' येऊन टाकत होता, तेव्हा मला मेलबर्नचा वसीमच दिसत होता. तो सामना आपण जिंकला, आणि त्या जोरावर १९८६ नंतर प्रथमच इंग्लंडमध्ये मालिका जिंकली. २०११ च्या विश्वचषकात तर पाहा: सर्वाधिक बळींच्या यादीत दोन नावे शेजारी शेजारी, झहीर खान २१ आणि शाहिद आफ्रिदी २१. वानखेडेवरच्या अंतिम सामन्यात झहीरने पहिल्या पाच षटकांपैकी तीन निर्धाव टाकली. जे शस्त्र १९७८ नंतर चार-पाच वर्षे आपल्यावर चालत होते ते आता आपल्या हातात होते, आणि तो हात आपल्या जिल्ह्यातला होता.

एका बाबतीत मात्र आपण त्यांचे अनुकरण करू नये, असे मला वाटते. वसीम लाहोरच्या एका निवड सरावात मियाँदादच्या नजरेस पडला आणि थोड्याच महिन्यांत, १९८५ च्या जानेवारीत, अठराव्या वर्षी कसोटी खेळला. कथा म्हणून ही सुरेख आहे. परंतु असे एका उडीत वर नेलेले पोर खाली पडते तेव्हा धरायला कुणी नसते. २०१० मध्ये लॉर्ड्सवर पैशांसाठी 'नो बॉल' टाकणारा मोहम्मद आमिर अठरा वर्षांचाच होता. पाच वर्षे बंदी आणि तुरुंग. झहीरची वाट लांबची होती. सतराव्या वर्षी मुंबई, तिथे सुधीर नाईकांची शिकवणी, मग चेन्नईची एमआरएफ अकादमी, मुंबईच्या संघात जागा नाही म्हणून बडोदा. २००३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पहिल्याच षटकात पंधरा धावा गेल्या, तरी तो संपला नाही.

आता अवघड भागाकडे वळतो. आपल्या वर्गांत सैनिकांची मुले-मुली आहेत. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला निरपराध माणसे मारली गेली, त्यांत महाराष्ट्रातलीही होती. त्यानंतर सप्टेंबरात दुबईला आपल्या खेळाडूंनी पाकिस्तानी खेळाडूंशी हस्तांदोलन केले नाही. ज्या घरातले माणूस गेले त्या घराला 'खेळ वेगळा, राजकारण वेगळे' असे सांगायला मी जाणार नाही. खेळायचे की नाही, हात मिळवायचा की नाही, हे ज्यांनी ठरवायचे त्यांनी ठरवावे. माझा मुद्दा त्याहून लहान आहे. न पाहणे, न ओळखणे, न शिकणे यात आपला कोणता फायदा? आपल्या नगरच्या रणगाडा संग्रहालयात शत्रूकडून जिंकून आणलेला पॅटन रणगाडा जपून ठेवला आहे. तो कसा बनला, कुठे जाड, कुठे पातळ, हे तपासताना आपल्या जवानांना "तू लाहोरहून कधी आलास?" असे कुणी विचारत नाही!

आणि दाद देण्याविषयी म्हणाल तर जानेवारी १९९९ मधला चेन्नईचा सामना आठवा. पाठदुखीने वाकलेल्या सचिनने १३६ धावा काढल्या, आणि तो बाद होताच सकलैन मुश्ताकच्या फिरकीपुढे शेपूट कोसळून आपण बारा धावांनी हरलो. सारे चेपॉक क्षणभर सुन्न झाले. मग लोक उठून उभे राहिले आणि वसीमचा संघ मैदानाला फेरी मारत असताना टाळ्या वाजवत राहिले. त्या हजारो माणसांचे देशप्रेम आपल्या स्लिपमधल्या मित्रापेक्षा कमी होते, असे मानायला मी तयार नाही.

हा लेख संपादकांकडे देण्यापूर्वी मी त्या नेवाशाच्या मित्राला वाचून दाखवला. तो म्हणाला, "ते सगळं खरं रे, पण जुना चेंडू आहे कुठं? सरावाला एक तर नवा मिळतो, नाहीतर टेनिसचा." त्याचे म्हणणे रास्त आहे. जिमखाना विभागाला माझी विनंती आहे की सामन्यांत वापरलेले चामडी चेंडू पेटीच्या तळाशी कुजत न ठेवता गोलंदाजांना सरावासाठी द्यावेत. मी मोजले आहेत. गेल्या हंगामाचे अकरा आहेत.