गुरुपौर्णिमेचा क्यूआर कोड

आज गुरुपौर्णिमा. पहाटेपासून फोन वाजतो आहे. शुभेच्छा, पादुकांचे फोटो, थेट प्रक्षेपणाच्या लिंका आणि त्याखाली गुरुदक्षिणेसाठी चौकोनी कोड. गुरूला नमस्कार करायला मठातच गेले पाहिजे, असे आता कोणी म्हणत नाही आणि म्हणूही नये. गुडघे धरलेल्या आजीला पलंगावर बसून शेजारती दिसते, परदेशातल्या मुलाला घरच्या परंपरेतले पारायण ऐकता येते. या सोयीला नाक मुरडण्याचे कारण नाही. मात्र बोलावणारा आपण कोण आणि कशासाठी बोलावतो आहोत हे आधी सांगतो का, हे आजच्या दिवशी तरी विचारायला हवे.

२०२५च्या पावसाळी अधिवेशनात शनिशिंगणापूरचा विषय गाजला. देवस्थानाच्या नावाने बनावट ॲप काढायचे, घरबसल्या पूजा करून देतो म्हणून सांगायचे आणि भाविकांचे पैसे परस्पर वळवायचे, असा आरोप होता. सायबर पोलिसांनी गुन्हा नोंदवला, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस विधानसभेत त्यावर बोलले. ज्या गावातल्या घरांना दारे नाहीत म्हणून देशभर कौतुक झाले, तिथेच हे घडले. संशयाची सुई बाहेरच्या भामट्यांवर थांबली नाही, देवस्थानातल्या माणसांकडेही वळली. त्याच वर्षी मे महिन्यात सद्गुरू जग्गी वासुदेव यांना आपला चेहरा आणि आवाज वापरून केलेल्या बनावट चित्रफितींविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयाकडून मनाई हुकूम मिळवावा लागला.

पण ही झाली सरळसरळ लबाडी. ती पकडता येते, तिला कलम लावता येते. खरी अडचण आहे ती संस्था खरी, गुरू खरे आणि सेवेकरीही मनापासून राबणारे असतात तेव्हा. सुरुवात होते 'मोफत ताणमुक्ती शिबिर, सात दिवस, रोज पहाटे अर्धा तास' अशा निरोपाने. त्यात संस्थेचे नाव नसते, गुरूंचा फोटो नसतो. निरोप धाडणारी आपलीच मावशी असते, म्हणून आपण हो म्हणतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी श्वासोच्छ्वासाच्या जोडीला नामजप येतो, सहाव्या दिवशी गुरूंचे दर्शन आणि सातव्या दिवशी अर्ज. तो अर्ज एकदा नीट वाचावा. नाव, गोत्र, जन्मवेळ, मोबाइल, घरातल्या माणसांची संख्या. मग 'आपली अडचण निवडा' : विवाह, संतती, कर्ज, आजारपण, कोर्टकचेरी. शेवटी लाल अक्षरांत 'संकल्पासाठी थोड्याच जागा शिल्लक'. घराची दुखरी नस माणूस स्वतःच्या बोटाने दाबून देतो, तीही कोणाच्या हाती पडणार याचा पत्ता नसताना. पुढच्या महिन्यात कर्जवाल्याला कर्जमुक्तीच्या अनुष्ठानाचा निरोप येतो तेव्हा त्याला वाटते, महाराजांनी मनातले ओळखले!

मावशीने फसवले का? मुळीच नाही. तिला स्वतःला गुण आला आहे, असे ती मानते आणि तेच सांगते. तिच्यावरच्या सेवेकऱ्याला एवढी माणसे जोडायची, असे सांगितलेले असते. तोही त्याला सेवाच समजतो. साखळीतला एकही माणूस खोटे बोलत नाही आणि तरी शेवटच्या माणसापासून मुख्य गोष्ट लपून राहते. आमच्या मते याला फसवणूकच म्हणायला हवे. हेतू शुद्ध असल्याने लपवाछपवी शुद्ध होत नाही.

आपल्याकडे प्रचाराची रीत अशी नव्हती. कीर्तनकार उभा राहतो तेव्हा तो कोण, कुठल्या फडावरचा, हे गावाला ठाऊक असते. आरतीचे ताट फिरते ते शेवटी, सगळ्यांदेखत. निम्मे कीर्तन ऐकून उठून गेलेल्या माणसामागे कोणी धावत नाही. गाडगेबाबा तर आपल्याला कोणी शिष्य नाही, आपण कोणाचे गुरू नाही, असे सांगत आणि पायांना हात लावू देत नसत.

महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने श्रद्धेचा प्रचार आणि फसवणूक यांतली रेषा बऱ्यापैकी नेमकी ओढली आहे. कीर्तन, प्रवचन, भजन, वारी यांना त्याने हात लावलेला नाही. तथाकथित चमत्काराचा प्रचार करून लोकांना फसवणे, लुबाडणे, दहशत घालणे हा मात्र गुन्हा. परंतु वरच्या अर्जात चमत्कार कुठेच लिहिलेला नसतो. 'अनुभव येईल' एवढेच असते, आणि त्याला कायदा काय करणार? ऑनलाइन दुकानदारीच्या बाबतीत आपण पुढे गेलो आहोत. ग्राहकाला न विचारता बिलात देणगी घुसडणे, खोटी घाई लावणे या क्लृप्त्या केंद्राने नोव्हेंबर २०२३मध्ये बंद केल्या. लाल अक्षरांतली ती 'थोड्याच जागा शिल्लक' साडीच्या दुकानाने लिहिली तर चालत नाही, मग संकल्पाच्या अर्जावर ती का चालावी?

जपानने या प्रश्नाला थेट हात घातला, तोही जबर किंमत मोजून. माजी पंतप्रधान शिंजो आबे यांची जुलै २०२२मध्ये हत्या झाली. आईने युनिफिकेशन चर्च या धर्मसंस्थेला दिलेल्या देणग्यांनी घर धुळीला मिळाले, हा मारेकऱ्याचा राग होता आणि आबे यांचा त्या चर्चशी संबंध आहे, असे तो मानत होता. त्याच डिसेंबरात तिथल्या संसदेने कायदा केला. दैवी शक्तीचा हवाला देऊन, भीती घालून देणगी उकळण्यास मनाई झाली; शिवाय मागणाऱ्याने आपण कोण ते स्पष्ट करावे आणि पैसा कुठे जाणार याबद्दल गैरसमज होऊ देऊ नये, असे बंधन आले. श्रद्धेच्या आशयाला या दोन्ही अटींनी धक्का लागत नाही.

आपल्याकडे बहुतेक मठ-देवस्थाने धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरी नोंदलेली आहेत. प्रत्येक क्यूआर कोडखाली न्यासाचे पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक आणि खाते कोणाच्या नावावर आहे ते छापावे, मोफत शिबिराच्या पहिल्याच निरोपात आयोजक संस्था लिहावी आणि अर्जातला अडचणींचा रकाना काढून टाकावा. सरकारने सांगेपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. मोठ्या देवस्थानांनी आणि मठांनी ठरवले, तर पुढच्या गुरुपौर्णिमेच्या निरोपांत हा बदल दिसू शकतो. ज्यांच्या निरोपात तो दिसणार नाही, त्यांच्याकडे धर्मादाय आयुक्तांनी हिशेब मागावा.