तुमची रजा, तिचा खाडा

शाळेबाहेर / पंतोजी

बालदिन जवळ आला की कंपन्यांच्या एचआर विभागातून एक ठरावीक मेल निघतो. 'एक दिवस मुलांसोबत'. बस, एकसारखे टी-शर्ट, नाश्त्याचे बॉक्स आणि शेवटी ग्रुप फोटो. ही बस ज्या बालगृहात जाते, तिथल्या अधीक्षकांची वही मात्र कुणी उघडून बघत नाही. मी एका ठिकाणची पाहिली आहे. नोव्हेंबरचे शनिवार-रविवार गच्च भरलेले, एका रविवारी तर सकाळी एक गट आणि दुपारी दुसरा. दोघांचाही बेत केक आणि चित्रकला स्पर्धा. फेब्रुवारीचं पान कोरं. दहावीची पोरं गणितात अडकून बसतात, ते दिवस.

मुलं या सोहळ्याला चांगलीच सरावलेली असतात. बस फाटकात शिरली की रांगेत बसायचं, स्वागतगीत म्हणायचं, साहेबांचं भाषण संपलं की टाळ्या. भाषण संपत आलंय हे त्यांना साहेबांच्याही आधी कळतं. तिथल्या आठ-नऊ वर्षांच्या एका पोरीने मला विचारलं, "तुमचं काय आहे, खेळ की बक्षिसं?" टोमणा नव्हता तो. आत अंघोळीचं पाणी तापलं होतं आणि तिला वेळ जुळवायची होती.

फोटोबद्दल एवढंच सांगतो की बालन्याय कायद्याच्या (२०१५) कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख पटेल असं काहीही, नाव, शाळा, चेहरा, प्रसिद्ध करायला मनाई आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तरीही बस परत निघायच्या आत फोटो लिंक्डइनवर चढलेले असतात. बरं, कंपनी हे सगळं सीएसआरच्या दोन टक्क्यांत बसवू म्हणेल, तर मॅरेथॉनसारखे एकवेळचे कार्यक्रम त्या खर्चात धरता येणार नाहीत, हे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०१४ सालीच परिपत्रक काढून सांगितलं आहे.

म्हणून एक दिवस देणाऱ्यांना घरी बसवावं, असं माझं म्हणणं नाही. नोकरी, कर्जाचे हप्ते आणि म्हातारे आईवडील सांभाळणाऱ्या माणसाकडे द्यायला एखादाच दिवस असतो. तो त्याने मुलांचं मन रमवण्यात घालवावा, हे मला पटत नाही. रमायचं कसं हे मुलांना येतं. वाळूचा ढीग आणि फुटकी बादली त्यांना पुरते. अडतं ते दुसरीकडेच, आणि ते पाहायला बसने लांब जायची गरज नसते. आपल्या सोसायटीच्या कुंपणापलीकडे जो टॉवर उठतोय, त्याच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोल्या असतात. तिथे बघा.

बांधकामावरच्या मुलांची गोष्ट आपल्याकडे नवी नाही. मीरा महादेवन यांनी १९६९ साली दिल्लीत बांधकामाच्या जागेवरच पाळणाघर उघडलं, त्यातून 'मोबाइल क्रेशेस' उभी राहिली. मुंबईत १९८८ साली सुरू झालेली 'डोअर स्टेप स्कूल' पुण्यातही साइटवर वर्ग भरवत आली. याच संस्थेने पुण्यात 'एव्हरी चाइल्ड काउंट्स' ही नागरिकांची मोहीम चालवली. स्वयंसेवकांनी आपापल्या भागातल्या साइटवर जायचं आणि शाळेत न जाणारी मुलं शोधून मोजायची. केक नाही, स्पर्धा नाही.

मोजणं क्षुल्लक वाटतं. राज्य सरकारने ४ जुलै २०१५ रोजी एका दिवसात अख्ख्या महाराष्ट्रातली शाळाबाह्य मुलं मोजायचा घाट घातला होता. मोजलेल्या मुलाच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली. जो आकडा आला, तो या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्थांना पटला नाही, आणि त्यात नवल नव्हतं. परका माणूस भर दुपारी वही घेऊन आला की मुकादम आधी पोरांना आत घालतो. थोरली पोर धाकट्याला कडेवर घेऊन कुठेतरी मागे असते. समोरच्या इमारतीत राहणाऱ्याला मात्र हे सगळं गॅलरीतून रोज दिसतं. ही पोर सकाळी दहा वाजता शाळेत नसते, हे त्याला आधीच ठाऊक असतं.

मोजून झालं की खरं काम सुरू होतं, आणि ते कमालीचं कंटाळवाणं आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६ ते १४ वर्षांच्या मुलाला जन्माचा दाखला नाही, आधीच्या शाळेचा दाखला आला नाही किंवा वर्ष निम्मं सरलं, या कारणांवरून प्रवेश नाकारता येत नाही. वयाला साजेसा वर्ग द्यावा लागतो. कायदा २०१० पासून लागू आहे. तरी शाळेच्या खिडकीशी "दाखला घेऊन या" ऐकून परतणाऱ्या आया आजही भेटतात. कलबुर्गीकडची किंवा छत्तीसगडची बाई मराठीत वाद घालणार कशी? आणि पुन्हा या म्हणजे पुन्हा खाडा. तुमची रजा पगारी असते, तिच्या खाड्याची मजुरी कापली जाते. सहीपुरतं तिने एकदा यावं, बाकीचे हेलपाटे तुमचे, एवढं ठरलं तरी तुमचा दिवस सार्थकी लागला. फॉर्म भरणं, झेरॉक्स काढणं, मुख्याध्यापकांसमोर कायद्याचा उल्लेख आवाज न चढवता करणं, ही कामं सुशिक्षित माणसाला छान जमतात. टेंडर भरताना तो हेच करतो.

आणखी एक काम आहे, त्याला तर पूर्ण दिवसही लागत नाही. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या कायद्यानेच सांगितलं होतं की ५० पेक्षा जास्त स्त्रिया कामावर असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी साइटवर खोली हवी, ती सांभाळायला प्रशिक्षित बाई हवी. कामगाराने बिल्डरला हे विचारलं तर दुसऱ्या दिवशी त्याला काम मिळेलच याची खात्री नाही. सरकारी निरीक्षक येईल तेव्हा येईल. पण कोटभर रुपये खिशात घेऊन आलेल्या ग्राहकाचं बिल्डर ऐकतो, त्याला चहाही पाजतो. ओळखीतल्या एका जोडप्याने मध्यंतरी सॅम्पल फ्लॅट पाहून झाल्यावर विचारलं, "पाळणाघर कुठाय?" विक्रीवाल्या मुलीने उत्साहाने माहितीपत्रक उघडलं आणि क्लबहाऊसमधलं, रंगीत भिंतींचं पाळणाघर दाखवलं. "हे नाही, खाली काम करणाऱ्या बायकांच्या मुलांचं." ती गडबडली. साहेबांना विचारून कळवते म्हणाली. जोडप्याने आपला नंबर दिला आणि सांगितलं की फोन आल्यावरच बुकिंगचा चेक लिहू.